कायटोसानच्या नॅनोकणांत ५-एफयू का टिकत नाही? टीपीपी वाढवण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.फार्म.च्या प्रबंधासाठी मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचे ५-फ्लुओरोयुरासिल, म्हणजे ५-एफयू, तुम्ही कायटोसान (धनभारित पॉलिमर) आणि त्याच्या साखळ्या जोडणारे सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट (टीपीपी) यांच्या हायड्रोजेल, म्हणजे पाण्याने फुगलेल्या जाळीच्या, नॅनोकणांत भरले. १ मिग्रॅ/मिलीचे १० मिली कायटोसान, त्यात ५ मिग्रॅ औषध, वरून १ मिग्रॅ/मिलीचे २ मिली टीपीपी थेंब थेंब. आकार २१० नॅनोमीटर, पीडीआय (कणांच्या आकारातली तफावत) ०.२८, एन्ट्रॅपमेंट (घातलेल्यापैकी कणात अडकलेले औषध) ८८%. इथवर सगळे छान. पण डायलिसिस बॅगमध्ये (फक्त लहान रेणू बाहेर जाऊ देणारी पडद्याची पिशवी) दोन तासांत ८०% औषध बाहेर पडते आणि तीन दिवसांनी आकार ९०० नॅनोमीटर होतो. सरांचे म्हणणे, क्रॉसलिंकिंग, म्हणजे साखळ्यांची आपसातली बांधणी, कमी पडतेय, टीपीपी वाढवा. किती वाढवायचे, एवढेच तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर: सध्या टीपीपी अजिबात वाढवू नका. जाळी किती घट्ट आहे हा इथला प्रश्नच नाही. औषध त्या जाळीला चिकटते की नाही, हा आहे. ५-एफयू चिकटत नाही. शिवाय तुमचा ८८%चा आकडा मला खरा वाटत नाही. हे दुसरे वाक्य कडक आहे, म्हणून आधी त्याचे गणित मांडतो.

तुमच्याकडे एकूण १२ मिली द्रव आहे आणि त्यात फार तर १२ मिग्रॅ घन पदार्थ, कायटोसान आणि टीपीपी मिळून. हायड्रोजेल म्हणजे मुख्यतः पाणीच. फुगलेल्या कणात १० ते २०% घन पदार्थ आहे असे धरू. हे गृहीतक आहे, पण वाजवी आहे. मग सगळ्या कणांचे मिळून आकारमान ०.०६ ते ०.१२ मिली भरते, म्हणजे एकूण द्रवाच्या अर्धा ते एक टक्का. औषधाला जेलची विशेष ओढ नसेल तर ते आत-बाहेर सारख्याच तीव्रतेने राहणार आणि कणांच्या आत जेमतेम अर्धा ते एक टक्का औषध असणार. ८८% आत राहायचे तर आतली तीव्रता बाहेरच्यापेक्षा साधारण ७०० ते १,५०० पट हवी. ४.४ मिग्रॅ औषध एवढ्याशा जागेत कोंबले तर तिथली तीव्रता ३७ ते ७३ मिग्रॅ/मिली होते. ५-एफयूची पाण्यातली विद्राव्यता १० ते १२ मिग्रॅ/मिलीच्या आसपास आहे. म्हणजे कणात ते विरघळलेल्या रूपात मावतच नाही. pH ५ ला ५-एफयूवर विद्युतभार जवळजवळ नसतो (त्याचा pKa, म्हणजे ज्या pH ला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो, ८ च्या आसपास), त्याला तेलकट बाजू नाही, रेणुभार फक्त १३०. कायटोसानच्या अमाइनने (धनभार घेणाऱ्या नायट्रोजन गटाने) त्याला इतके घट्ट धरून ठेवावे असे त्याच्यात काहीच नाही.

मग ८८% आले कुठून? तुम्ही अप्रत्यक्ष पद्धत वापरली असणार: सेंट्रिफ्यूज करायचे, सुपरनॅटंटमधले, म्हणजे वर उरलेल्या द्रवातले, मोकळे औषध यूव्हीवर (अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून) मोजायचे, एकूणातून वजा करायचे. या पद्धतीत जे मोजले गेले नाही ते सगळे ‘आत अडकले’ या खात्यात जमा होते. २६६ नॅनोमीटरला ५-एफयूचे शोषण १० मायक्रोग्रॅम/मिलीला साधारण ०.५५ येते. तुमचे सगळे औषध मोकळे असेल तर सुपरनॅटंटमध्ये ते ४०० मायक्रोग्रॅम/मिलीच्या वर असेल आणि खरे शोषण २० च्या पुढे जाईल. कुठलेही साधे यूव्ही यंत्र हे मोजू शकत नाही, ते ३ च्या आसपास अडकते. आता तुमचे ८८% उलटे सोडवून पाहा. १२% मोकळे म्हणजे ०.६ मिग्रॅ, १२ मिलीत ५० मायक्रोग्रॅम/मिली, म्हणजे शोषण साधारण २.७५. सुपरनॅटंट डायल्यूट न करता वाचला असेल तर नेमका असाच आकडा येतो. तुम्ही नीट डायल्यूट केले असेल तर हे कारण बाद. पण वही उघडून आधी एवढेच पाहा.

डायल्यूशन बरोबर असेल तर पुढची कारणे बघायची. अल्ट्राफिल्ट्रेशनची नळी (कण अडवून औषध जाऊ देणाऱ्या पडद्याची) वापरली असेल तर त्यातून नुसते ५-एफयूचे द्रावण गाळून पाहा. जेवढे घातले त्याच्या ९५% तरी खाली यायला हवे. तेवढे आले नाही तर बाकीचे पडद्याला चिकटले आहे, कणात नाही. कॅलिब्रेशन कर्व्ह (तीव्रता आणि शोषण यांचा आलेख) कुठल्या माध्यमात काढला तेही महत्त्वाचे. फॉस्फेट बफर ७.४ मधला कर्व्ह वापरून अॅसिटिक आम्लातले नमुने वाचू नका. औषध न घातलेले, बाकी सगळे तसेच बनवलेले कोरे कण ब्लँक म्हणून हवेत, कारण न बसलेले बारीक कण प्रकाश विखुरतात आणि तेही शोषण म्हणून नोंदले जाते.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे ताळेबंद. तळाशी बसलेला गोळा ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर विरघळू द्या. त्या pH ला टीपीपीचे बरेच ऋणभार जातात, जाळी सुटते आणि कायटोसान विरघळते. त्यातले औषध थेट मोजा, जमल्यास एचपीएलसीवर, म्हणजे कॉलममधून मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. ५-एफयू सी-१८ कॉलमवर फार थांबत नाही, लवकर बाहेर येते. म्हणून कोऱ्या कणांचा क्रोमॅटोग्राम शेजारी ठेवा. गोळ्यातले आणि सुपरनॅटंटमधले औषध मिळून ९५ ते १०५% भरले तरच एन्ट्रॅपमेंटचा आकडा प्रबंधात लिहा. आणि त्याच्यासोबत लोडिंगही लिहा, म्हणजे १०० मिग्रॅ सुक्या कणांत औषध किती. तुमच्या आकड्यांवरून ते २७% येते. हा आकडा आधी काढला असता तर शंका तेव्हाच आली असती.

आता रिलीजकडे, म्हणजे औषध कणातून सुटण्याकडे, वळू, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथे होते आणि ती फार ठिकाणी होते.

औषध कणातून बाहेर यायला लागणारा वेळ ढोबळ मानाने त्रिज्येचा वर्ग भागिले विसरण गुणांक (रेणू किती वेगाने पसरतो याचे माप). ५-एफयूसारख्या लहान रेणूचा पाण्यातला विसरण गुणांक सुमारे १०⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद. तुमचे जेल त्याला हजार पट मंद करते असे उदारपणे मानू, म्हणजे १०⁻¹². त्रिज्या १०० नॅनोमीटर. उत्तर येते सेकंदाचा शंभरावा भाग. दहा तास औषध रोखायचे तर जेलने विसरण साडेतीन अब्ज पट मंद करायला हवे. फुगलेल्या जाळीची छिद्रे काही नॅनोमीटरची असतात आणि ५-एफयूचा रेणू एक नॅनोमीटरपेक्षाही लहान. मासे धरायच्या जाळ्याची भोके कितीही बारीक केली तरी पाणी अडत नाही, तसेच हे. टीपीपी दुप्पट केले तर छिद्रे थोडी लहान होतील. शंभरावा भाग जाऊन पन्नासावा येईल.

मग तुमच्या बॅगेतून औषधाला दोन तास का लागले? कारण ते दोन तास बॅगेचे आहेत. कणातून औषध क्षणात सुटते, पण बॅगेच्या पडद्यातून बाहेरच्या बीकरमध्ये जायला त्याला वेळ लागतो आणि तुम्ही नमुना बीकरमधून घेता. हे सिद्ध करायला एकच प्रयोग पुरतो. त्याच बॅगेत, तेवढ्याच आकारमानात, त्याच तीव्रतेचे नुसते ५-एफयूचे द्रावण भरा आणि तोच ढवळण्याचा वेग, तेच तापमान ठेवून आलेख काढा. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले तर कण औषध रोखत नाहीत, विषय संपला. हा कंट्रोल नसलेला रिलीजचा आलेख मी ग्राह्य धरत नाही. त्यावर हिगुची आणि कोर्समेयर-पेप्पास ही औषध सुटण्याची समीकरणे बसवून 'नॉन-फिकियन यंत्रणा' वगैरे लिहिलेले असते तेव्हा तर वाईटच वाटते, कारण ते सगळे वर्णन सेल्युलोजच्या डायलिसिस पिशवीचे असते.

दुसरा, अधिक थेट प्रयोग: कणांचे द्रावण ३७ अंशांच्या बफरमध्ये एकदम ५० पट डायल्यूट करा आणि दोन मिनिटांनी, १५ मिनिटांनी, एका तासाने थोडे थोडे अल्ट्राफिल्ट्रेशनच्या नळीतून गाळा. गाळायलाच पाच-दहा मिनिटे जातात, त्यामुळे पहिल्या बिंदूची वेळ काटेकोर नसते. पण दोन मिनिटांच्या नमुन्यातच ९५% औषध खाली आले तर पुढचे बिंदू घ्यायची गरजही उरत नाही.

विद्यार्थ्यांचा अंदाज इथे का चुकतो, हे समजण्यासारखे आहे. बी.फार्म.ला सगळ्यांनी कॅल्शियम अल्जिनेटचे मणी केलेले असतात आणि ते तास-दोन तास औषध धरताना पाहिलेले असतात. पण एक मिलिमीटर व्यासाच्या मण्याची त्रिज्या तुमच्या कणाच्या ५,००० पट आहे आणि वेळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, म्हणजे अडीच कोटी पट. मणी आकाराच्या जोरावर औषध धरतो. नॅनोकणाला तो जोर नाही. त्याला औषधाशी काहीतरी नाते लागते: विरुद्ध विद्युतभार, रासायनिक बंध, तेलकट खिसा, किंवा औषधाचा रेणूच इतका मोठा की छिद्रातून निघत नाही.

ही पद्धत मुळात कशासाठी होती ते आठवा. १९९७ साली स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठातून मारिया होसे आलोन्सो यांच्या गटाने कायटोसान-टीपीपी नॅनोकणांचे काम मांडले, तेव्हा नमुन्यादाखल आत भरले होते ते बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन. ६६ किलोडाल्टनचे प्रथिन, पाण्यात सुमारे ७ नॅनोमीटरचे, आणि pH ४.७ च्या वर ऋणभारित. मोठा रेणू आणि वर विरुद्ध भार, दोन्ही गोष्टी जुळलेल्या. १३० रेणुभाराच्या भारहीन औषधाला तीच कृती तशीच लागू पडेल हे गृहीत धरण्यातच चूक आहे. तुमचा हात वाईट नाही. २१० नॅनोमीटर आणि ०.२८ हे कण म्हणून चांगलेच आहेत.

आता आकार. २१० चे ९०० का झाले, हे तुम्ही कण कशात ठेवले त्यावर अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेले नाही. फॉस्फेट बफर ७.४ मध्ये ठेवले असतील तर कारण उघड आहे. कायटोसानच्या अमाइनचा pKa ६.५ च्या आसपास, त्यामुळे ७.४ ला बहुतेक धनभार जातो, कण एकमेकांना ढकलत नाहीत आणि गठ्ठे होतात. बफरमधले मीठ उरलेसुरले ढकलणेही झाकून टाकते. मूळ आम्लातच ठेवले असतील तर टीपीपीचे आम्लात हळूहळू जलविघटन होते, साखळी तुटून साधे फॉस्फेट उरते आणि जाळी सैल पडते. उष्णतेने हे वाढते, म्हणून मे महिन्यात टेबलावर ठेवलेला नमुना आणि ४ अंशांवरचा नमुना वेगळे वागतात. तिसरी शक्यता निव्वळ बुरशीची. कायटोसानचे द्रावण खोलीच्या तापमानाला, विशेषतः पावसाळ्यात, सहज बिघडते. फक्त आकार मोजायच्या नमुन्यात ०.०२% सोडियम अझाइड घालता येते, पेशींवर जाणाऱ्या नमुन्यात कधीच नाही.

टीपीपी वाढवले तर हीच बाजू बिघडेल. तुमचे कायटोसान ८५% डीअॅसिटिलेशनचे (म्हणजे ८५% घटकांवर मोकळे अमाइन) असेल तर १० मिग्रॅमध्ये सुमारे ५१ मायक्रोमोल अमाइन आहे. २ मिग्रॅ टीपीपी म्हणजे ५.४ मायक्रोमोल, आणि pH ५ ला प्रत्येकावर साधारण ३ ते ४ ऋणभार. म्हणजे कायटोसान-टीपीपीच्या तुमच्या ५:१ या वजनी प्रमाणात एक तृतीयांशाच्या आसपास किंवा थोडा जास्त धनभार भरून निघतो. ३:१ ला तो निम्म्याच्या वर जातो. झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचे माप) उतरू लागते आणि आधी दुधाळ, मग डोळ्यांना दिसणारे कण येतात. याच्या पुढे गेलात तर रिलीज आहे तिथेच राहील आणि कणही हातचे जातील.

स्थिर कण हवे असतील तर या गोष्टी करा. कायटोसान १% अॅसिटिक आम्लात रात्रभर ढवळून सोडियम हायड्रॉक्साइडने pH ४.८ ते ५.२ वर आणा आणि ०.८, मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. न विरघळलेले धागे पीडीआय वाढवतात. टीपीपी रोज ताजे, ०.२२ मायक्रॉनमधून. ६०० ते ७०० आरपीएम, भोवरा पडू न देता. द्रावणाला निळसर झाक आली की कण झाले. पांढुरके दिसले की प्रमाण पुढे गेले. सेंट्रिफ्यूजच्या नळीच्या तळाशी १० ते २० मायक्रोलिटर ग्लिसरॉल ठेवा, नाहीतर गोळा इतका घट्ट बसतो की सोनिकेशननेही मूळ आकार परत येत नाही. साठवायचे तर ५% ट्रेहॅलोज घालून लायोफिलाइझ करा (गोठवून सुकवा) आणि पुन्हा पाण्यात मिसळल्यावरचा आकार आधीच्या आकाराशी ताडून पाहा. आकार मोजणाऱ्या डीएलएस यंत्रावर विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. चार-दोन मोठे गठ्ठेही सरासरी ९०० वर नेतात, म्हणून नुसती सरासरी न बघता इंटेन्सिटीचा पूर्ण आलेख बघा. कायटोसान मात्र सगळ्या कामासाठी एकाच लॉटचे घ्या. बाटलीवरचे 'मध्यम रेणुभार' हे शब्द दोन लॉटमध्ये एकच अर्थ ठेवत नाहीत.

मग प्रबंधाचे काय? हे तुमच्याकडे किती महिने आहेत आणि सिनॉप्सिसमध्ये काय बदलता येते यावर आहे.

औषध बदलता येणार नसेल तर आकार बदला. मोठ्या आतड्यात औषध पोचवायला नॅनोकण लागतातच असे नाही. उलट तुमचे कण जठरातच विरघळतील: pH १.२ ला कायटोसान-टीपीपीची जाळी सुटते. खात्री करायची तर कण दोन तास ०.१ नॉर्मल आम्लात ठेवून डीएलएसवर काउंट रेट (विखुरलेल्या प्रकाशाची मोजणी) बघा, तो कोसळलेला दिसेल. त्यापेक्षा ५-एफयूचे मिलिमीटरभराचे पेलेट किंवा छोटी गोळी करा आणि वर pH ७ च्या पुढे विरघळणाऱ्या युड्रॅजिट एस-१०० या पॉलिमरचे कोटिंग द्या. प्रयोगशाळेत महिना-दोन महिन्यांत होण्यासारखे आहे आणि फरक खरा दिसतो. तोंडी परीक्षेत, शरीरात ५-एफयू बनणारे कॅपेसिटाबाइन आधीच गोळीच्या रूपात उपलब्ध असताना हे कशाला, असा प्रश्न येणारच. तोंडावाटे घेतलेल्या ५-एफयूचे शोषण डायहायड्रोपिरिमिडिन डीहायड्रोजनेज या विकरामुळे अनिश्चित असते, त्यावर शोधलेले उत्तर म्हणजे कॅपेसिटाबाइन. तुमचे औषध रक्तात न जाता आतड्यातच राहावे हा हेतू असेल तर तसे स्पष्ट लिहा.

नॅनोकण बदलता येणार नसतील तर औषध बदला. कायटोसानसोबत मेथोट्रेक्सेट घ्या: दोन कार्बॉक्सिल गट, pH ५.५ ला मुख्यतः ऋणभारित, कायटोसानशी जमते. मात्र शरीरातल्या १५० मिलीमोलर मिठात हे बंधही सैल होतात, त्यामुळे रिलीजची चाचणी नुसत्या पाण्यात करून खूश होऊ नका. डॉक्सोरुबिसिन धनभारित आहे, त्याला हायल्युरोनिक आम्ल किंवा अल्जिनेटचे जेल हवे, कायटोसान नव्हे. प्रथिन किंवा पेप्टाइड नाकावाटे द्यायचे असेल तर कायटोसान-टीपीपी आपल्या घरच्या मैदानावर आहे, कारण त्याचा धनभार श्लेष्मातल्या सियालिक आम्लाला चिकटतो. शिरेतून द्यायचा विचार असेल तर सोडा. हाच धनभार लाल पेशींना आणि रक्त गोठण्याच्या यंत्रणेला छेडतो.

दोन्ही कायम ठेवायचे असतील तर औषध रासायनिक बंधाने जोडावे लागेल. ५-एफयूचे अॅसिटिक आम्ल रूप कार्बोडायइमाइडने कायटोसानच्या अमाइनला जोडता येते. तेव्हा औषध सुटण्याचा वेग विसरणावर नाही, बंध तुटण्यावर ठरतो आणि दिवसांच्या मापात जाऊ शकतो. पण अमाइड बंध सावकाश तुटतो, आणि सुटते ते मूळ ५-एफयूच की त्याचे अर्धवट रूप, हे एचपीएलसीवर दाखवावे लागते. एम.फार्म.च्या वेळेत हे जड जाईल असे माझे मत.

एक गोष्ट कामाच्या टेबलाबद्दल. ५-एफयू पेशीघातक आहे. उघड्या पंख्याखाली वजन करू नका, नायट्राइलचे दुहेरी हातमोजे घाला, आणि उरलेले द्रावण, डायलिसिसचा बफर, फिल्टर हे सिंकमध्ये न टाकता पेशीघातक म्हणून चिठ्ठी लावलेल्या पिवळ्या डब्यात द्या.

पुढे लिहाल तेव्हा एवढे कळवा: सुपरनॅटंट किती पट डायल्यूट केला, वाचलेले शोषण किती होते, कण कुठल्या माध्यमात आणि किती अंशांवर ठेवले, कायटोसानचे डीअॅसिटिलेशन किती टक्के, आणि नुसत्या ५-एफयूच्या बॅगेचा आलेख. शेवटची गोष्ट उद्याच करा. सकाळी बॅग लावली तर दुपारपर्यंत आलेख तयार होतो आणि सरांसमोर ठेवायला तो पुरेसा आहे.